बोंडू, आंब्याच्या साली, मासळीचा कचरा : टाकी बांधण्याआधी गॅस किती निघेल हे कसे तपासावे?

बोंडूवाली, राजापूर — 9 एप्रिल

नमस्कार. आमचा महिला बचत गट राजापूर तालुक्यात काजूगर काढण्याचे छोटे युनिट चालवतो. मार्चपासून मेअखेरपर्यंत आसपासचे बागायतदार बोंडूसकट, म्हणजे काजूच्या रसाळ फळासकट, काजू आणून देतात. आम्ही बी पिरगळून काढून घेतो आणि बोंडू आवारामागच्या जुन्या चिरेखाणीत जाऊन पडतात. भर हंगामात दिवसाला सुमारे एक टन बोंडू साचतो, दुसऱ्या दिवशी त्याला ताडीसारखा वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी चिलटांमुळे खाणीकडे जाववत नाही. मे महिन्यात शेजारच्या आमरसाच्या कारखान्यातून आंब्याच्या साली मिळू शकतील आणि नाटे बंदरातून मासळीचा कचराही आणता येईल.

एका पुरवठादाराने 25 घनमीटरची पाचकटाकी (कचरा कुजवून गोबरगॅससारखा गॅस करणारी बंद टाकी) सुचवली असून, एक टन बोंडूपासून 120 घनमीटर गॅस मिळेल असे कोटेशनमध्ये लिहून दिले आहे. कर्ज गटाच्या नावावर निघणार असल्याने केवळ त्या आकड्यावर विसंबून राहण्याची आमची तयारी नाही. अशा मालाची चाचणी लहान प्रमाणावर करता येते असे ऐकले आहे. ती आमच्यासारख्यांना जमेल का, आणि जमत असेल तर नेमकी कशी करावी? माझे शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्रापर्यंत झाले आहे, मात्र त्याला आता वीस वर्षे लोटली आहेत.

प्रयोगवही, दापोली — 10 एप्रिल

ताई, बाटल्या मांडण्याआधी कागदावर एक हिशेब करून पाहावा, कारण त्याला खर्च नाही आणि पुष्कळदा तेवढ्यानेच कोटेशनचा निकाल लागतो.

पिकल्या बोंडूत 85 ते 88 टक्के पाणी असते. म्हणजे एक टनात सुका माल सुमारे 130 किलो, आणि त्यात मुख्यतः साखर व थोडा तंतू. साखरेचा एक रेणू पूर्ण पचला तर मिथेनचे, म्हणजे गॅसमधल्या जळणाऱ्या भागाचे, तीन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू तयार होतात; त्या हिशेबाने 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 67.2 लिटर, म्हणजेच एका ग्रॅमपासून 0.373 लिटर मिथेन मिळते. सेल्युलोजसाठी, म्हणजे तंतूच्या मुख्य घटकासाठी, हाच आकडा 0.415 येतो. आता सगळेच्या सगळे 130 किलो सेल्युलोज आहे आणि त्याचा कणन्‌कण पचला असे उदार मनाने गृहीत धरले, तरी मिथेन 54 घनमीटर आणि कार्बन डायऑक्साइडसह एकूण गॅस 108 घनमीटर होतो. पुरवठादाराने निसर्गापेक्षाही उदार होऊन 120 लिहिले आहेत.

मात्र कमाल मर्यादा कळली म्हणजे प्रत्यक्ष उत्पन्न कळले असे होत नाही, आणि चाचणी लागते ती त्यासाठीच. तिला बायोकेमिकल मिथेन पोटेन्शियल, थोडक्यात बीएमपी, म्हणतात. 1979 साली ओवेन, मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुटसुटीत स्वरूपात मांडली आणि 2016 साली अनेक देशांतील प्रयोगशाळांनी एकत्र बसून तिचे नियम ठरवले, कारण तोवर एकाच मालाचे आकडे प्रयोगशाळेगणिक वेगळे येत होते. मूळ कल्पना दही लावण्याइतकी साधी आहे. चालू गोबरगॅसच्या टाकीतील स्लरी हे विरजण, आपला कचरा हे दूध. बंद बाटलीत दोन्ही 37 अंशांवर ठेवायचे आणि मिथेन मोजत राहायचे.

विरजणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चाचणी बहुधा तिथेच बिघडते. नियमित शेण पडणाऱ्या आणि चांगली निळी ज्योत देणाऱ्या टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी येणारी स्लरी घ्यावी. ताजे शेण घेऊ नये. काडीकचरा काढण्यासाठी ती जाड चाळणीतून गाळावी आणि काहीही न मिसळता पाच-सहा दिवस उबेत नुसती ठेवावी, म्हणजे तिच्यात उरलेले अन्न संपते. एवढे करूनही ती थोडा गॅस देतच राहते. म्हणून तीन बाटल्या केवळ स्लरीच्या ठेवाव्यात. त्यांना कोऱ्या बाटल्या म्हणू. या कोऱ्या बाटल्यांचा गॅस कचऱ्याच्या बाटल्यांतून वजा केल्याखेरीज मिळणारा कोणताही आकडा खोटा समजावा. बाजारात फिरणारे कित्येक फुगलेले आकडे केवळ ही वजाबाकी न केल्याने फुगलेले असतात, असे माझे मत आहे.

कचरा किती घालायचा हे ओल्या वजनावर ठरवू नये. नमुना 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा, मग 550 अंशांवर मफल भट्टीत जाळावा. राख उरते ती निरुपयोगी, आणि जळून जातो तो भाग म्हणजे बाष्पनशील घन, ज्याला सर्वजण व्हीएस म्हणतात. गॅस होण्याजोगे सर्व काही या व्हीएसमध्ये असते. मफल भट्टी घरी नसते. जवळच्या विज्ञान महाविद्यालयात विनंती करून पाहावी. विरजणाचा व्हीएस कचऱ्याच्या व्हीएसच्या दोन ते चार पट असावा. समजा, स्लरीत दोन टक्के व्हीएस आहे, तर 300 मिलिलिटर स्लरीत तो सहा ग्रॅम झाला. तिला दोन ग्रॅम व्हीएस इतका कचरा पुरे, म्हणजे बोंडूचा लगदा जेमतेम 17 ग्रॅम. हे प्रमाण पाहून सर्वांनाच हसू येते, पण त्याहून जास्त घातल्यास साखर झपाट्याने आंबते, आम्ल साचते आणि मिथेन करणारे जीवाणू बसून राहतात.

बाटल्यांसाठी 500 मिलिलिटरच्या काचेच्या सलाईनच्या बाटल्या आणि त्यांची रबरी बुचे उत्तम. उबेसाठी मी कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र वापरतो. त्याचे तापमान 37.5 अंशांवरच लावलेले असते, आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज दोन-तीन तास गेली तरी ऊब टिकते. अंडी फिरवणारी यंत्रणा तेवढी बंद करावी, नाहीतर बाटली कलंडून नळीत स्लरी शिरते. दिवसातून एकदा बाटल्या हाताने हलवाव्यात.

गॅस आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्यावा, तिथे कार्बन डायऑक्साइड अडकतो; पुढे पाण्यात उपड्या धरलेल्या मापनळीत जमतो तो जवळजवळ सगळा मिथेन. द्रावण हाताळताना हातमोजे आणि चष्मा सोडू नये, आसपास ज्योत नसावी आणि पहिल्या आठवड्यात गॅस रोज काढावा, कारण तुंबलेली काचेची बाटली फुटते. लागोपाठ तीन दिवस रोजचा गॅस एकूण जमलेल्या गॅसच्या एक टक्क्याहून कमी येऊ लागला की चाचणी संपली असे समजावे. बोंडूसाठी महिनाभर धरून चालावे.

प्रत्येक मालाच्या तीन बाटल्या हव्यात. शिवाय तीन बाटल्यांत शुद्ध सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज घालावे. औषधी गोळ्यांत भर म्हणून वापरतात तीच ही पूड. तिचा मिथेन ग्रॅमला 350 ते 415 मिलिलिटरच्या दरम्यान आला तर आपले विरजण आणि आपली मोजणी दोन्ही ठीक आहेत. तो 250 आला, तर बोंडूचा आकडा कितीही आवडला तरी बाजूला ठेवावा.

बंदरकाठ, रत्नागिरी — 11 एप्रिल

काकांनी चाचणीचे सर्व काही सांगितलेच आहे. मासळीबाबत मात्र माझा अनुभव कडू आहे, तो लिहितो.

मासळी कापण्याच्या शेडमागे आम्ही 200 लिटरच्या पिंपात गॅस करायला घेतला. त्याआधी बाटल्यांतील चाचणीत आतडी, कल्ले आणि डोकी यांचे आकडे डोळे दिपवणारे आले होते, आणि त्यात नवल नव्हते, कारण चरबीचा एक ग्रॅम सुमारे एक लिटर आणि प्रथिनांचा एक ग्रॅम सुमारे अर्धा लिटर मिथेन देऊ शकतो. पिंपात पहिले दहा दिवस ज्योत उत्तम होती, पुढे ती बारीक होत गेली आणि तिसऱ्या आठवड्यात काडी लावली तरी पेट घेईना. पिंपाचे झाकण उघडले तेव्हा अमोनियाने डोळ्यांतून पाणी आले. आम्ही आम्ल साचले असे समजून चुना घालणार होतो. सुदैवाने आधी पीएच पट्टी बुडवली. ती गर्द निळी झाली. पीएच आठच्याही वर गेला होता, म्हणजे माल आम्लाचा नव्हे, उलट अल्कधर्मी झाला होता, आणि चुना घातला असता तर उरलेसुरले जीवाणूही गेले असते. मासळीत नत्र फार असते, त्याचा अमोनिया होतो, आणि पीएच जितका चढेल तितका तो अधिक मारक ठरतो.

दुसरे कारण लक्षात यायला आणखी महिना लागला. शेड धुतलेले पाणीच आम्ही पिंपात पातळ करण्यासाठी घालत होतो आणि शेड खाडीच्या पाण्याने धुतली जात होती. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असते व त्यातील सोडियम सुमारे 10.8 ग्रॅम भरते. मिथेन करणाऱ्या जीवाणूंना लिटरमागे साडेतीन ग्रॅम सोडियमपासून त्रास होऊ लागतो आणि आठ ग्रॅमला ते जवळपास थांबतात. बाटलीतील चाचणीत 300 मिलिलिटर गोड्या पाण्याच्या स्लरीत मासळी चमचाभर होती, त्यामुळे ना अमोनिया जाणवला ना मीठ. चाचणी चुकली नव्हती, आम्ही तिला नको तो प्रश्न विचारला होता.

ताई, आपल्याकडे बोंडू आहे हे आपले भाग्य समजा. बोंडूत नत्र कमी, मासळीत जास्त. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण 20 ते 30 च्या दरम्यान राहील अशा बेताने दोन्ही मिसळले तर एकाचा दोष दुसरा झाकतो. म्हणून निव्वळ मासळीपेक्षा मिश्रणाची चाचणी करावी. पाणी विहिरीचे घ्यावे, सुक्या मासळीचे खारवलेले तुकडे वगळावेत, आणि कोळंबीच्या सालींपासून फार अपेक्षा ठेवू नये. त्यांत चुन्याचा अंश मोठा असतो आणि कायटिन सावकाश पचते.

चिरेखाण, कुडाळ — 11 एप्रिल

एक सूचना राहून जाऊ नये. काजूच्या बियांची टरफले या मालात चुकूनही मिसळू नयेत. हात भाजवणारे जे तेल त्यांत असते त्यातील अनाकार्डिक आम्ल जीवाणूंना मारते. बोंडूसोबत फुटक्या बिया टाकीत जातात, त्या वेचून काढण्यासाठी एक माणूस ठेवावा लागतो आणि त्याची मजुरी कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

आंब्याच्या सालींबाबत अडचण नाही. कोय मात्र फोडल्याशिवाय टाकू नये. तिचे कवच महिनोन्‌महिने तसेच राहते आणि टाकीच्या तळाशी थर धरते.

बोंडूवाली, राजापूर — 24 मे

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे चाचणी केली. अंड्यांचे यंत्र गटातल्या एका ताईंकडे होते, त्यांनी पिल्ले काढण्याचे काम महिनाभर पुढे ढकलले. सेल्युलोज वेळेवर मिळाले नाही, त्यामुळे त्या तीन बाटल्या राहिल्या. व्हीएस जवळच्या महाविद्यालयात काढून घेतला. बोंडूचा आठ टक्के आला. दोन ग्रॅम व्हीएस व्हावा म्हणून प्रत्येक बाटलीत 25 ग्रॅम लगदा आणि 300 मिलिलिटर स्लरी घेतली.

28 दिवसांत बोंडूच्या तीन बाटल्यांची सरासरी 1080 मिलिलिटर मिथेन आली आणि कोऱ्या बाटल्यांची 180. वजाबाकी करून 900 उरतात, म्हणजे व्हीएसच्या एका ग्रॅममागे 450 मिलिलिटर. काकांनी सांगितलेली कमाल मर्यादा साखरेला 373 आणि सेल्युलोजला 415 आहे. आमचा बोंडू मर्यादेच्या वर गेला. गटातल्या बायका खूश आहेत, पण मला रात्रभर झोप लागली नाही. कोठे चुकले?

प्रयोगवही, दापोली — 25 मे

ताई, आकडा मनाजोगता आला असताना झोप उडणे ही प्रयोग करणाऱ्याची खरी खूण आहे. आधी दोन गोष्टी विचारतो. गॅस मोजताना खोलीचे तापमान काय होते, आणि व्हीएससाठी नेलेला नमुना किती जुना होता?

बोंडूवाली, राजापूर — 25 मे

मापनळी पडवीत होती, तिथे दिवसा साधारण 30 अंश असतात. नमुना शनिवारी बादलीत भरला होता. रविवारी महाविद्यालय बंद, म्हणून सोमवारी दुपारी पोहोचवला. झाकण उघडले तेव्हा तिथल्या शिपाईमामांनी हसून विचारले की, ही हुर्रक (बोंडूची दारू) कोणासाठी आणली. बाटल्याही त्याच बादलीतून त्याच संध्याकाळी भरल्या.

प्रयोगवही, दापोली — 26 मे

शिपाईमामांनी निदान केलेच आहे. मी फक्त हिशेब मांडतो.

पहिली दुरुस्ती सोपी आहे. पुस्तकातील आकडे शून्य अंश तापमान आणि एक वातावरण दाब धरून कोरड्या वायूसाठी दिलेले असतात. आपला वायू 30 अंशांवर, पाण्यावर मोजलेला, म्हणजे फुगलेला आणि ओला आहे. 273 भागिले 303 केले की 0.90 येते, 30 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब 4.24 किलोपास्कल असतो, तो 101.3 मधून वजा केला की आणखी 0.96 ने गुणावे लागते. दोन्ही मिळून 0.863. आपले 900 मिलिलिटर 777 होतात आणि ग्रॅममागचा आकडा 450 वरून 388 वर उतरतो. साखरेच्या मर्यादेपेक्षा तो अजूनही वर आहे.

आता बादली. दोन दिवसांत बोंडूतील बरीचशी साखर आंबून मद्यार्क झाला. त्यात मिथेनची क्षमता गेली नाही. साखरेतून उडाला तो कार्बन डायऑक्साइड, मिथेन देणारा भाग मद्यार्कात तसाच राहिला. मात्र तो नमुना 105 अंशांच्या भट्टीत ठेवताच मद्यार्क आणि सोबतची हलकी आम्ले पाण्याबरोबर उडून गेली, आणि वजनकाट्याला वाटले की ते पाणीच होते. ताज्या बोंडूचा व्हीएस बारा टक्क्यांच्या आसपास निघायला हवा. आपला आठ आला. बाटलीत मात्र मद्यार्कासह सगळा माल गेला. अंश खरा, छेद लहान, म्हणून भागाकार मर्यादेबाहेर. आंबलेला माल आणि मुरघास यांच्या बाबतीत हे नेहमी घडते, आणि माझ्याही हातून पूर्वी घडले आहे.

आपले श्रम वाया गेलेले नाहीत. व्हीएसचा छेद सोडून द्यावा आणि ओल्या वजनावर यावे : 25 ग्रॅम बोंडूपासून 777 मिलिलिटर, म्हणजे किलोला 31 लिटर आणि टनाला 31 घनमीटर मिथेन. गॅसमध्ये मिथेन 55 टक्के धरले तर एकूण गॅस 56 घनमीटर. कोटेशनच्या निम्म्याहूनही कमी. सेल्युलोजच्या बाटल्या नसल्याने हा आकडा मी पक्का मानणार नाही, पण कर्जाचा विचार करताना 120 च्या जागी तो लिहून पाहावा.

शिवाय टाकीचा प्रश्न वेगळा आहे. चाचणी सांगते की माल महिनाभर निवांत पचला तर किती देईल; रोज किती घालता येईल हे ती सांगत नाही. न ढवळणाऱ्या साध्या टाकीला दर घनमीटरमागे दिवसाला दीड-दोन किलो व्हीएसपेक्षा जास्त देऊ नये. 25 घनमीटरला 40 किलो धरले तर ताजा बोंडू सव्वातीनशे किलो होतो. आपल्याकडे टन साचतो. उरलेल्या दोन तृतीयांश बोंडूचे काय करायचे, हे पुरवठादाराला विचारावे. आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत टाकीला काय घालणार, हे आपण स्वतःला विचारावे.

चिरेखाण, कुडाळ — 26 मे

शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडचा उपाय सांगतो. टाकी बारमाही शेणावर जिवंत ठेवतो आणि हंगामात बोंडू हळूहळू वाढवत नेतो. किलोभर ताज्या शेणापासून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो, त्यामुळे एक घनमीटरसाठी रोज 25 किलो शेण लागते. तेवढी गुरे गटाच्या सदस्यांकडे मिळून आहेत का, हे आधी मोजावे. बोंडू एकदम वाढवला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ज्योत पिवळसर होऊन फडफडू लागते. त्याच दिवशी बोंडू थांबवून नुसते शेण घालावे, पीएच पट्टीची वाट पाहू नये.

बोंडूवाली, राजापूर — 28 मे

काका, आपला हिशेब बैठकीत फळ्यावर मांडला. पुरवठादाराला फोन केला तेव्हा त्यांनी आकडा "आदर्श परिस्थितीतला" असल्याचे सांगितले. ती परिस्थिती लेखी मागितली आहे. तूर्त कर्जाचा अर्ज थांबवला आहे. सदस्यांची गुरे मोजली, सगळी मिळून 14 भरली.

शेवटच्या झाडांवरचे दोन किलो बोंडू काल संध्याकाळी उतरवले, लगेच मिक्सरमधून काढून पिशव्यांत भरले आणि आइस्क्रीमवाल्यांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. महाविद्यालयात सोमवारी बर्फासकट पोहोचवीन. सेल्युलोजची अर्धा किलो पूड औषधाच्या घाऊक दुकानातून आली आहे. विरजण आजपासून उबेत आहे. अंड्यांच्या यंत्राची मालकीण म्हणते की पावसाळ्यात पिल्ले जगत नाहीत, तेव्हा ऑगस्टपर्यंत यंत्र आमच्याकडेच राहू द्यावे.